जुन्या फायबर बोटीचा तळ: रंगाचा डबा उघडण्याआधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा. करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या काठी राहणाऱ्या एका तरुणाने चौदा फुटी जुनी फायबरची बोट विकत घेतली आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना फिरवायचं त्याच्या मनात आहे. बोट दोन वर्षं काठावर पडून होती. रंग उडालाय, तळाला हरभऱ्याएवढे फोड आलेत, मागे इंजिन टांगतात त्या फळीपाशी भेगा दिसतात. तो लिहितो, “ग्राइंडर भाड्याने आणून तळ घासतो, भेगांत लांबी (पुट्टी) भरतो आणि ऑइल पेंटचे दोन हात मारतो. पॉलिश पेपर कितव्या नंबरचा घेऊ?”

नंबर सांगतो, पण ग्राइंडर एवढ्यात आणू नका. भाडं फुकट जाईल. पहिले दोन महिने तुम्हाला लागणार आहे ते पाणी, साबण, कान आणि आपल्याकडचं ऊन.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडला फायबरचं काम करतो. टाक्या, दारं, ट्रकच्या केबिनचे भाग हे रोजचं. बोटी वर्षाला चार-पाच येतात, बहुतेक उजनीच्या. माझ्या हातून बिघडलेली पहिली बोट याच घाईने बिघडली. मी ती धुण्याआधी घासली. दोन दिवस राबून तळ इतका गुळगुळीत केला की मालक खूश झाला, आणि पाण्यात उतरवल्यावर दुसऱ्याच महिन्यात रंगाचे हातभर पापुद्रे सुटून आले. रंगात खोट नव्हती. रंगाखाली मेण होतं.

हे मेण येतं कुठून? बोट साच्यातून सुटावी म्हणून कारखान्यात साच्याला मेण लावतात, त्याचा अंश बोटीच्या कातडीवर राहतो. पुढे कोणी पॉलिश केलेलं असतं. इंजिनचं ऑइल, पेट्रोल, माशांचं तेल हे वेगळंच. अशा तळावर पेपर फिरवला की घासण्याच्या उष्णतेने मेण पातळ होतं आणि पेपरने पाडलेल्या बारीक चरांत जाऊन बसतं. तिथून ते पुसून निघत नाही. म्हणून आधी धुणं, मग मेण काढणं आणि त्यानंतर घासणं. हा क्रम मोडू नका.

सुरुवात बोट ठेवण्यापासून करा. काठावर काम नको. तिथे हिवाळ्यात पहाटेचं दव, पायाखाली गाळ आणि हवेत ओल. बोट गावात, वारा खेळतो अशा जागी आणा. उलटी करून सहा-आठ जुन्या टायरांवर ठेवा, म्हणजे तिचा भार सगळीकडे सारखा बसेल. फक्त दोन दगडांवर टेकवून ठेवलेली बोट मधोमध खचते. वैशाखात तर हमखास, कारण गडद रंगाचा तळ उन्हात हात ठेववणार नाही इतका तापतो आणि फायबरचे धागे धरून ठेवणारं साधं पॉलिस्टर रेझिन तेवढ्या उष्णतेला मऊ पडू लागतं. वाकलेल्या स्थितीत तुम्ही नवा थर दिला, तर तो वाक कायमचा होतो. गवंड्याची लेव्हल ट्यूब घेऊन दोन्ही बाजूंचे काठ मोजा. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत तळाच्या मधल्या कण्यावर सुतळी ताणून बघा. तुमची बोट दोन वर्षं उंचसखल जमिनीवर पडली होती, तेव्हा पीळ बसला असण्याची शक्यता बरीच आहे. थोडा पीळ असेल तर टेकू बदलून आठवडाभर उन्हात ठेवल्यावर तो बराचसा उतरतो.

वरचं सामान काढताना प्रत्येक वस्तूचा आधी जागेवर फोटो घ्या. स्क्रू आणि वॉशर वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवा. गंजून बसलेल्या स्क्रूच्या डोक्याला सोल्डरिंगची इस्त्री दोन-तीन मिनिटं टेकवली की तो सुटतो. हिसका देऊन उपटू नका, भोवतीचा थर सोबत येतो. अॅल्युमिनियमचे रिव्हेट ड्रिलनेच काढा. सिलिकॉन सीलंट कुठे लावलेला दिसला तर ती जागा मार्करने गोल करून ठेवा, कारण सिलिकॉनवर पुढे काहीच चिकटणार नाही. तो ब्लेडने मुळापासून खरवडावा लागतो, आणि हेही घासण्याच्या आधी.

आता धुणं. शेवाळ, गाळ, पक्ष्यांची घाण हे सगळं साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश यांनी निघतं. पाणी विहिरीचं किंवा नळाचं घ्या, धरणाचं नको. प्रेशर वॉशर असेल तर नळी जवळ नेऊ नका. सुटलेल्या थराखाली पाणी घुसलं तर महिनाभराचं वाळवणं वाढतं. धुऊन वाळली की बोट खऱ्या अर्थाने दिसायला लागते.

बोट कशाची बनलीय तेही समजून घ्या, म्हणजे पुढचं सांगणं पटेल. सगळ्यात बाहेर जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत थर. त्याच्या आत काचेच्या तंतूंचे थर रेझिनमध्ये बुडवलेले. तंतू दोन रूपांत येतात. मॅटमध्ये धागे वेडेवाकडे पसरून दाबलेले असतात, रोव्हिंगमध्ये ताणा-बाणा घालून विणलेले. सोलापूरच्या माणसाला रोव्हिंग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. चादरीला बळ धाग्यांतून येतं तसंच बोटीलाही, आणि रेझिन ते धागे जागेवर धरून ठेवतं. रंग आणि लांबी यांच्यात धागा नसतो. म्हणून धागा तुटलेल्या जागी कितीही लांबी भरली तरी बोट तिथे जोडली जात नाही, भेग फक्त झाकली जाते.

मग कान लावा. शंभर ग्रॅमची छोटी हातोडी किंवा पाच रुपयांचं नाणं घ्या आणि तळ वीतभर अंतराने ठोकत जा. उन्हाळ्यात माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. घट्ट जागेचा आवाज खणखणीत आणि आखूड येतो. थर सुटलेले असतील, आत पाणी असेल किंवा लाकूड कुजलं असेल तर आवाज बद्द होतो. प्रत्येक बद्द जागा मार्करने घेरा. हे काम एकट्याने, शांतपणे, पहाटे करा. अर्ध्या दिवसात तळाचा नकाशा तयार होतो आणि बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणाऱ्या खराबीपेक्षा तो मोठा निघतो.

भर दुपारी उलट्या बोटीखाली शिरून आतून वर बघा. फायबरमधून उजेड थोडा पाझरतो, रंगाचे थर जाड असले तर कमी. उडालेल्या जेलकोटच्या जागी, पातळ जागी आणि आरपार भेगांत वरचं ऊन स्पष्ट दिसतं. पुढे जेलकोट काढल्यावर रात्री आत बल्ब लावून बाहेरून बघा. सुटलेले थर काळपट डागांसारखे दिसतात. मला या दोन तपासण्यांनी जेवढं कळलंय तेवढं ओल मोजायच्या यंत्राने कळलं नाही. ते यंत्र धातू, ओला रंग, दव सगळ्यालाच ओल म्हणतं.

भेगांचे प्रकार ओळखा. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे तिथे आपटलंय. उजनीत हे फार होतं. धरण मायनसमध्ये, म्हणजे पाणी वापरायच्या पातळीच्याही खाली, गेलं की बुडालेल्या गावांच्या जोत्यांवर, विहिरींच्या काठांवर आणि खडकांवर बोटी घासतात. आपटलेल्या जागी आतल्या बाजूला फायबर पांढरं पडलंय का बघा. पांढरं असेल तर धागे तुटलेत, नसेल तर फक्त जेलकोट तडकलाय. एकमेकींना समांतर जाणाऱ्या भेगा मात्र वाकण्यातून येतात. तिथे तळाला आतून आधार कमी पडतोय, म्हणजे आतली उभी लाकडं कुजलीत किंवा तळापासून सुटलीत. भेग भरून उपयोग नाही, आधार दुरुस्त करेपर्यंत ती पुन्हा येत राहणार.

तुमच्या मागच्या फळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ती बाहेरून फायबर दिसते, पण आत बहुधा प्लायवूड आहे. इंजिनच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरतं आणि खाली साठतं. वर इंजिनाचा धक्का रोजचा. आतल्या बाजूने, बोल्टांच्या आसपास आणि अगदी तळाशी, ६ मिलिमीटरच्या बिटने पाच-सहा भोकं पाडा. आरपार जाऊ देऊ नका. खाली कागद धरून भुसा गोळा करा. कोरडा, फिकट, लाकडाचा वास येणारा भुसा निघाला तर फळी शाबूत. काळपट, ओला, बिटला चिकटणारा, आंबूस वासाचा निघाला तर लाकूड गेलं. तपासणीची भोकं नंतर इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने, बुजवायची. कुजलेल्या फळीत भोकं पाडून पातळ रेझिन ओतायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. लोकांना बसवायच्या बोटीत मी ते कधी करत नाही. रेझिन ओल्या लाकडात शिरत नाही, ते वरवर गोठतं आणि आतली कूज पुढे चालू राहते.

फळी आणि आतली उभी लाकडं दोन्ही बदलायची वेळ आली तर एकदम सगळं उखडू नका. एक काढा, बसवा, पक्कं होऊ द्या, मग दुसरं. आधार काढलेली बोट उघड्या डब्यासारखी हलते आणि तिचा मूळ आकार परत मिळत नाही.

बसायच्या पेट्यांत तरंगण्यासाठी फोम भरलेला असेल. तो पाणी पीत नाही असं सांगतात, पण बरीच वर्षं पाण्यात बसला की पितो. एका कोपऱ्यातून मुठीएवढा तुकडा कापून पिळा. पाणी निघालं तर सगळा फोम काढा. पुढे नवा भरल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका. बोट भरली तर माणसांना धरायला तोच असतो.

आता फोडांकडे येऊ. उजनीच्या काठावर मी हजारदा ऐकलंय, “खारं पाणी फायबर खातं, आपल्या गोड्या पाण्यात काही होत नाही.” फोडांच्या बाबतीत खरं याच्या उलट आहे. जेलकोटमधून पाणी अगदी सावकाश आत झिरपतं. आत रेझिनमधले काही विरघळणारे पदार्थ असतात, ते पाण्यात उतरतात आणि तिथे दाट द्रव तयार होतो. बाहेर पातळ पाणी, आत दाट द्रव, मध्ये जेलकोटचा पडदा. मग बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पडदा फुगतो. पंढरपूरकडचा बेदाणा साध्या पाण्यात टाकून बघा, टम्म फुगतो. मिठाच्या पाण्यात तितका फुगत नाही. गोडं आणि कोमट पाणी फोडांना जास्त पोसतं, आणि उन्हाळ्यात उथळ झालेलं उजनीचं पाणी दोन्ही असतं.

फोड फोडताना चष्मा घालाच. आतला द्रव दाबाखाली असतो, पिचकारीसारखा डोळ्यात उडतो, आणि आम्ल असतो. वास व्हिनेगरसारखा येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला निळा लिटमस लावलात तर लाल होईल. जेलकोटचं झाकण पूर्ण उडवून खड्डा उथळ बशीसारखा करा, टोकदार भोक ठेवू नका. मग इथे बहुतेक लोक एक चूक करतात. फोड उघडले, उन्हात वाळवले, लांबी भरली. वर्षभराने त्याच जागी फोड परत. कारण आतल्या पदार्थांपैकी काही, ग्लायकॉलसारखे, उन्हाने उडून जात नाहीत. पाणी उडतं आणि ते मागे राहतात. पुन्हा पाणी मिळालं की पुन्हा ओढतात. ते फक्त धुऊन निघतात. म्हणून उघडलेला तळ गरम गोड्या पाण्याने आणि ब्रशने चोळून धुवा, दोन दिवस वाळू द्या, परत धुवा. असं पाच-सहा वेळा. खड्ड्यात थेंबभर स्वच्छ पाणी सोडून लिटमस लावा. तो निळाच राहू लागला की धुणं झालं.

आपलं हवामान कामाला येतं ते यानंतर, वाळवताना. कोकणातल्या दमट हवेत बोट वाळवणं अवघड जातं. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हवा इतकी कोरडी की वाळवण्याचं काम आपोआप होतं. मी मालकांना सांगतो, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की बोट आणा, मृगाच्या आत घेऊन जा. फक्त ताडपत्रीने गुंडाळून ठेवू नका. वरून सावलीची जाळी, खालून मोकळा वारा. जेलकोट शाबूत असलेल्या जागी ओल बाहेर पडत नाही, म्हणून खराब भाग आधी उघडायचे आणि मग वाळवायचं. ब्लो टॉर्च किंवा पेटत्या काट्याकुट्यांचा शेक देऊन घाई करू नका. आतल्या पाण्याची वाफ होते आणि चांगले थरसुद्धा सुटतात.

वाळलं हे कसं ओळखायचं? भंगारवाल्याकडचा टांगायचा काटा आणा आणि दर पंधरा दिवसांनी चेन ब्लॉकने उचलून बोटीचं वजन करा. वहीत लिहा. वजन उतरायचं थांबलं की समजा. चौदा फुटी बोटीतून वीस-पंचवीस किलो पाणी गेलेलं मी पाहिलंय. ट्रकचा वजनकाटा यासाठी उपयोगाचा नाही, त्याला एवढा बारीक फरक कळत नाही. जोडीला फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक तळाला चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि चोवीस तासांनी बघा. आतून थेंब जमले तर अजून थांबा.

कोरड्या बोटीचं मेण आता काढायचं. ॲसिटोन घ्या, दोन फडकी घ्या. एक ओलं, त्याने एका दिशेने पुसा. लगेच मागोमाग दुसरं कोरडं, त्याने उचला. पुढे-मागे चोळलं तर मेण फक्त पसरतं. फडकी सारखी बदला. आपल्याकडे एप्रिलमध्ये ॲसिटोन मेण विरघळण्याआधीच उडून जातो, म्हणून पहाटे, सावलीत, दोन-दोन फुटांचा चौकोन घेऊन काम करा. विडी, चूल, स्विचची ठिणगी जवळ नको. त्याची वाफ जमिनीलगत लांबपर्यंत जाते आणि भडकते.

फडक्यांबद्दल सोलापूरकरांना एक खास सांगणं आहे. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यातल्या कापण्या किलोवर मिळतात, मऊ आणि स्वस्त. मीही त्या वापरायचो. तळावर मधूनच रंग माशाच्या डोळ्यासारखा फाकायचा, वर्तुळं पडायची आणि कारण सापडत नव्हतं. कारण त्या मऊपणातच होतं. टॉवेल मऊ लागावा म्हणून शेवटी जे सॉफ्टनर देतात त्यात अनेकदा सिलिकॉन असतं. आपण मेण काढतो आणि सिलिकॉन लावतो. कोऱ्या कापडालाही खळ असते, तेही नको. घरात वर्षानुवर्षं धुऊन विरलेलं पांढरं धोतर किंवा सुती पंचा फाडून घ्या. त्याच्याइतकं चांगलं फडकं दुकानात मिळत नाही.

मेण गेलं का, हे पाण्याने कळतं. तळावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पसरून पातळ थर झाला तर जागा स्वच्छ. कमळाच्या पानावर पळतात तसे थेंब गोळा झाले तर परत पुसा.

जुना रंग तपासायचा राहिला. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं रंगावर दहा मिनिटं ठेवा. रंग सुरकुतला किंवा फडक्याला लागला तर तो साधा ऑइल पेंट आहे. त्याच्यावर दोन डब्यांचा इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग चालत नाही, खालचा रंग फुगून उठतो. तो सगळा खरवडून काढा. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर ऑइल पेंट परत मारायचा विचारही सोडून द्या.

आता ग्राइंडर आणा. त्याआधी स्वतःची तयारी. काचेची धूळ फुप्फुसात जाते आणि राहते. कापडी रुमाल तिला अडवत नाही. रबरी, दोन फिल्टरचा मास्क घ्या, रेझिनच्या कामाला त्यालाच वाफेचे कार्ट्रिज लावता येतात. बंद चष्मा, पूर्ण बाह्या, मनगटाला टेप. काम झाल्यावर गार पाण्याने अंघोळ करा. गरम पाण्याने खाज वाढते असा आमचा अनुभव आहे. हे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. लहान मुलं आणि जनावरं जिथे असतात तिथे घासकाम करू नका, धूळ वैरणीवर बसते.

तुटलेल्या धाग्यांच्या जागी फायबर उतरतं करून घासायचं. जाडीच्या बारा पट रुंदी धरा. तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी ६० मिलिमीटर. घासण्याआधी मार्करने रेघ मारा, नाहीतर ग्राइंडर हाताला ओढून नेतो. एवढी रुंद उतरण बघून मालकांचा जीव वरखाली होतो, “केवढं भोक केलंत!” म्हणतात. पण नव्या धाग्याने जुना धागा धरायला तेवढी जागा हवीच. तिरक्या कडेत थरांच्या रेघा झाडाच्या कड्यांसारख्या दिसायला लागल्या की तुम्ही बरोबर घासलंय.

मूळ बांधणी किती थरांची होती ते कळायला हवं. जी जागा तशीही कापायची आहे तिथून होल सॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) इंचभर व्यासाची चकती काढा आणि मोकळ्या मैदानात, वाऱ्याकडे पाठ करून गॅसच्या ज्योतीवर जाळा. धूर अंगावर घेऊ नका. रेझिन जळून जातं, काच उरते. थर वेगळे करून मोजा, मॅट किती, रोव्हिंग किती. तेवढेच आणि त्याच क्रमाने परत द्यायचे. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण १ मिलिमीटर जाडी देतो, असा अंदाज धरा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आता येतं. धागा देण्याच्या जागी ४० ते ६० नंबर, खरखरीत जागा हवी. शाबूत जेलकोटवर प्रायमर द्यायचा तर ८०, मग १२०. शेवटच्या रंगाआधी प्रायमरवर १८० ते २२०. घासण्याआधी पेन्सिलीने सगळ्या तळावर फुलीफुलीच्या रेघा मारा आणि रेघा जाईपर्यंत घासा. चकाकणारा एकही ठिपका उरता कामा नये. आणि लांबी म्हणून गॅरेजमधली गाड्यांची पॉलिस्टर लांबी वापरू नका. तिच्यातली पावडर पाणी शोषते. पाण्याखाली फक्त इपॉक्सीची लांबी.

रेझिन कुठलं, यावर माझं मत स्पष्ट आहे. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी उत्तम बसतं, इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट बसत नाही. म्हणून एकदा इपॉक्सी वापरलं की वर जेलकोटचा विचार सोडा, पीयू रंग द्या. इपॉक्सीसोबत विणलेलं कापड घ्या. साध्या मॅटमधले धागे धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, आणि मॅट ताठ राहते. पैसे कमी असतील तर फळी आणि पाण्याखालची दुरुस्ती इपॉक्सीने करा, वरचे भाग पॉलिस्टरने.

पॉलिस्टर वापरणार असाल तर हे दोनदा वाचा. दुकानदार रेझिनसोबत दोन बाटल्या देतो, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा हार्डनर. या दोन्ही एकमेकींत थेट कधीही मिसळू नका. स्फोट होतो किंवा भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, आणि लावायच्या वेळी हार्डनर. मापाची भांडी वेगळी, बाटल्या दोन वेगळ्या जागी, दोन्ही सावलीत. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पाण्याची बादली हाताशी ठेवा, निदान पंधरा मिनिटं डोळे धुवा आणि दवाखाना गाठा. पारा ४२ वर असताना रेझिन हातात गोठतं, म्हणून लोक हार्डनर चिमूटभर टाकतात. मग ते पुरतं कडक होत नाही. हार्डनर १ टक्क्याच्या खाली नेऊ नका. त्याऐवजी पाव-पाव किलोच कालवा आणि सकाळी नऊच्या आत काम उरका.

अजून एक. इंजिनवर लोकांना फिरवणार असाल तर २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार बोटीची नोंदणी आणि तपासणी लागते. प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवा, कारण रंगाखाली काय केलंय हे नंतर कोणालाच दिसत नाही. लाइफ जॅकेटं बोटीच्या खर्चातच धरा.

सगळ्या तपासणीत फळी गेली, उभी लाकडं गेली आणि तळाचा निम्म्याहून जास्त भाग बद्द वाजला, तर ही बोट सोडून द्या. मला जड वाटतं हे सांगताना, पण मी तीन-चार मालकांना सांगितलंय. पण फोड आणि चांदणीच्या भेगा एवढ्यावर भागत असेल, तर ती अजून बरीच वर्षं चालेल.

तूर्त बोट गावात आणा, धुवा, नाण्याने ठोकून नकाशा करा आणि मागच्या फळीला भोकं पाडा. कागदावरच्या भुशाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठवा, शेजारी एखादा कोरड्या लाकडाचा भुसा ठेवून. फळी ठेवायची की काढायची ते तो बघून सांगतो.